बोटीचं माप कोण ठरवतं? पंढरपूरची होडी, इंग्लंडची नॅरोबोट आणि मधला इतिहास

आपल्या सोलापूर जिल्ह्यात बोट म्हटली की दोनच जागा आठवतात, एक पंढरपूरला चंद्रभागेत कोळी बांधवांच्या होड्या आणि दुसरी उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे साठलेलं पाणी. लांबून सगळ्या सारख्याच वाटतात पण तसं नाही. चंद्रभागेची होडी सपाट बुडाची, कारण तिथं कधी गुडघाभर पाणी तर कधी उजनीतून सोडलं की दोन्ही थड्या भरून, आणि पाणी उथळ असलं की वल्ह्यापेक्षा बांबूने रेटणंच सोपं पडतं. म्हणजे बोट कशी असावी हे बांधणाऱ्याच्या मनावर कमी आणि पाण्यावर जास्त, आणि कालव्यात तर पाण्यापेक्षाही लॉकवर.

लॉक म्हणजे दोन दारांमधली खोली, बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरलं की बोट वर, सोडलं की खाली. इंग्लंडात १७६१ साली कोळशासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला, त्याचा इंजिनियर जेम्स ब्रिंडली. पुढे १७६६ ला त्याने ट्रेंट-मर्सी कालवा हातात घेतला तेव्हा खर्च आणि पाणी वाचवायला लॉक जेमतेम ७ फूट रुंद आणि सत्तरेक फूट लांब ठेवले. झालं! तिथून पुढे बोटसुद्धा तेवढीच, रुंदी आपल्या उसाच्या ट्रॉलीएवढी आणि लांबी ७० फूट, हीच ती नॅरोबोट. एक घोडा काठाने चालत २५-३० टन माल ओढायचा, रस्त्यावर त्याच घोड्याला टन-दोन टनातच घाम फुटायचा. याच कालव्यावरच्या हेअरकॅसलच्या बोगद्यात घोड्याला वाटच नव्हती, मग माणसं बोटीवर उताणी पडून बोगद्याच्या भिंतीला पाय लावून बोट ढकलत न्यायची. रेल्वे आली, भाडी पडली, वेगळं घर परवडेना म्हणून बायकापोरं बोटीवरच आली, आणि मागच्या दहाएक फुटांच्या केबिनमध्ये चूल, झोपणं, सगळा संसार. गुलाब आणि किल्ल्यांची ती रंगीत चित्रं त्याच केबिनवरची. (आता तिथं लोक हौसेने राहतात, तो भाग निराळा.)

हॉलंडचा मामला वेगळा. तिथं पाणी रुंद पण उथळ आणि वारा भरपूर, म्हणून त्यांची त्यालक बोट बसकी, सपाट बुडाची, वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून दोन्ही बाजूला पंख्यासारख्या फळ्या, आणि पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी पाडायची सोय. फ्रान्सने तर कायदाच केला, १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने लॉक ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद ठरवले, आणि मालाच्या बोटी त्यात बसतील अशा ३८.५ मीटरच्या बांधल्या जाऊ लागल्या.

आपल्याकडे हे झालंच नाही असं नाही. १८५४ च्या गंगा कालव्यात बोटींसाठी लॉक होते, आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरने गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात काढलेल्या कालव्यांतूनही माल जायचा, मग रेल्वेने तिथलाही धंदा खाल्ला. उजनी धरण १९८० चं, तोवर ट्रक-रेल्वेचा जमाना आलेला, त्यामुळे आपले डावे-उजवे कालवे फक्त शेतीसाठी, लॉक वगैरे काही नाही, पाळी सुटली की पाणी धावतं आणि बंद झाली की कालवा रिकामा, त्यात बोट चालणार कशी.

फुगवट्यात मात्र उलटं झालं. जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या, करमाळ्याकडून इंदापूरकडे जायला रस्त्याने मोठा वळसा, म्हणून कुगाव ते कळाशी अशा बोटी सुरू झाल्या. इथं नदी राहिलीच नाही, मैलोन्‌मैल उघडं पाणी, वारा सुटला की लाटा उठतात. मे २०२४ मध्ये याच मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण गेले. अशा पाण्याला नदीच्या होडीपेक्षा उंच कडेची, जड बुडाची बोट लागते, आणि माझ्या मते उजनीला आता नदी समजणंच बंद केलं पाहिजे, तिथल्या बोटींचे नियम मोठ्या तलावाच्या हिशोबाने हवेत.