ऑफिसातला 'सर्व्हर' खरंच सर्व्हर आहे का? क्लायंट-सर्व्हर आणि पीअर-टू-पीअर मधला फरक

म्हापशाला अकाउंट्सचं एक छोटं ऑफिस आहे, सहा मशीन, तिथलं नेटवर्क मी बघतो. पावसाळ्यात एकदा संध्याकाळी सहाला फोन, "सर्व्हर गेलाय, कोणाचंच काय उघडत नाही, उद्या रिटर्न भरायची शेवटची तारीख!" धावत गेलो तर सर्व्हर नावाची वस्तूच नाही तिथे. खिडकीजवळ बसणारी मुलगी डिचोलीची बस गाठायची म्हणून आपला पीसी शटडाऊन करून निघून गेलेली, आणि सगळ्यांच्या फायली त्याच पीसीवरच्या शेअर केलेल्या फोल्डरात. तिची काय चूक? आख्खं ऑफिस तुझ्या मशीनवर चालतंय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

हा घोळ खूप ठिकाणी बघतो म्हणून लिहितोय. लोकांना वाटतं मधे तो लाईट लुकलुकणारा डबा, म्हणजे नेटवर्क स्विच, बसवला, सगळ्या वायरी त्यात घातल्या की झालं सर्व्हरवालं नेटवर्क. तसं नाही. क्लायंट-सर्व्हर असो की पीअर-टू-पीअर, स्विच तोच, केबल त्याच, बाहेरून बघून काहीच कळणार नाही. फरक असतो तो मागणारा कोण आणि देणारा कोण यात.

आपला पोदेर, म्हणजे पाववाला, बघा. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येतो, घरं पाव घेतात, घरं काय पोदेराला पाव देत नाहीत, आणि तो नाही आला तर सगळ्या वाड्याला पाव नाही. हे झालं क्लायंट-सर्व्हर, मागणारी घरं क्लायंट आणि देणारा पोदेर सर्व्हर. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना वेगळं असतं, एकाच्या कुळागरात सुपारीचा घड, दुसऱ्याच्या परसात तोरंजन, ज्याच्याकडे जे आहे ते तो देतो आणि नसलेलं शेजाऱ्याकडून घेतो, देणारा तोच घेणारा. हे पीअर-टू-पीअर, सगळे बरोबरीचे. एक घर बंद असलं म्हणून माटोळी अडत नाही.

आता गर्दी झाली की काय होतं ते बघा, मला खरी मजा इथेच वाटते. सर्व्हरवर मागणारे वाढले की तो दमतो, दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट उघडत नाही ते त्यामुळेच. पीअर-टू-पीअरमध्ये नेमकं उलटं होऊ शकतं. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरंट आणलं, त्यात फाइलचे तुकडे होतात आणि तुम्हाला एक तुकडा मिळाला की तो तुम्ही लगेच दुसऱ्याला द्यायला लागता, म्हणजे घेणारे वाढले तसे देणारेही वाढले. (टॉरंट म्हणजे चोरीच असं समजू नका, उबुंटू लिनक्स त्यांच्याच साइटवरून टॉरंटने अधिकृतपणे मिळतं.) त्याआधी १९९९ मध्ये नॅपस्टर आलं ते मधलं होतं, गाणी लोकांच्या पीसीवरून थेट यायची पण कोणाकडे काय आहे ती यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणून कोर्टाचा बडगा आल्यावर २००१ मध्ये ते बंद पाडता आलं. व्हॉट्सॲपही मिश्रच आहे, मेसेज सर्व्हरवरून जातो, दोघांमधला कॉल मात्र बऱ्याचदा फोन टू फोन थेट.

मग ऑफिसात काय घ्यायचं? दोन-चार मशीन, एक प्रिंटर, थोड्या फायली असतील तर पीअर-टू-पीअर पुरे, उगाच खर्च नको. विंडोजमध्ये त्यालाच वर्कग्रुप म्हणतात. पण त्यात प्रत्येक मशीनचे युजर-पासवर्ड वेगळे, कोणी नोकरी सोडली की एकेका पीसीवर जाऊन त्याचं नाव काढत बसा, बॅकअप कोणाचा झाला कोणाचा राहिला पत्ता नाही. शिवाय साध्या विंडोजच्या शेअर फोल्डरला एका वेळी २० च कनेक्शन चालतात. सर्व्हरवर हे सगळं एका जागी होतं. पण म्हणूनच तो पडला तर सगळे हात बांधून बसतात, तेव्हा सर्व्हर घेताय तर यूपीएस आणि बॅकअपचे पैसे त्यातच धरा, जूनमध्ये इथे लाईट किती वेळा जाते ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हापशाच्या त्या ऑफिसात सर्वात वाईट जोड होती, नेटवर्क माटोळीचं आणि भार सगळा पोदेराचा. नवीन सर्व्हर घेतला नाही. पडून असलेला एक जुना पीसी साफ केला, त्यात नवीन डिस्क घातली, सगळ्या फायली त्यावर हलवल्या, प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं, यूपीएस जोडून आतल्या खोलीत ठेवला, त्यावर बसून कोणी काम करायचं नाही, आणि रोज रात्री बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. ती मुलगी आता साडेपाचला पीसी बंद करते आणि निवांत बस पकडते.