पार्श्वभूमी : चाहत्यांच्या गर्दीतले शिकारी

मुलांना ऑनलाइन जाळ्यात ओढणारा म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेला माणूस येतो: खोटं वय सांगून चॅटरूममध्ये शिरलेला अनोळखी पुरुष. १९९०च्या दशकात हे चित्र पक्कं झालं आणि मुलांना द्यायच्या सूचनाही त्यावरूनच ठरल्या. खरं नाव सांगू नका, फोटो टाकू नका, अनोळखी लोकांशी बोलू नका. पण ज्याला चार लोकांनी आपल्याला ओळखावं असंच वाटतं, त्याच्या बाबतीत हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

ही फट किती जुनी आहे, ते कॅलिफोर्नियातल्या एका १३ वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात दिसतं. मित्र मिळावेत म्हणून त्याने २००० साली वेबकॅम लावला. त्याच्या वयाचं कुणी फिरकलं नाही. काही मिनिटांतच प्रौढ पुरुषांचे संदेश मात्र सुरू झाले. ते कौतुक करत, गप्पा मारत, भेटवस्तू पाठवत. मग एकाने विचारलं, शर्ट काढून तीन मिनिटं कॅमेऱ्यासमोर बसशील का? ५० डॉलर देतो. पैसे घेण्यासाठी ऑनलाइन खातं कसं उघडायचं, तेही त्यानेच शिकवलं. पोहायला जाताना आपण फुकटच शर्ट काढतो, असा मुलाचा हिशेब. पुढच्या मागण्या पायरीपायरीने वाढत गेल्या. डिसेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे प्रकरण उघड केलं आणि २००६ साली त्या मुलाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली.

या माणसांनी वय लपवलंच नव्हतं, आणि हा अपवादही नव्हता. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये अशा गुन्ह्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात स्वतःला किशोरवयीन म्हणवणारे गुन्हेगार जेमतेम ५ टक्के निघाले. बहुतेक जण उघडपणे मोठ्या वयाचे म्हणूनच आले, लाघवी बोलले आणि मुलांचा विश्वास मिळवला.

प्रसिद्धीची ओढ काही इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. पूर्वी मात्र नाव व्हायचं तर स्टुडिओ, वाहिनी किंवा एजन्सीचा दरवाजा ठोठावावा लागे. गैरफायदा घेणारे त्या दरवाजापाशीही असतच. २००५ साली यूट्यूब आलं आणि निदान दिसायला तरी तो दरवाजा उरला नाही. त्याच सुमारास मुलांसमोरचा आदर्शही बदलत होता. अमेरिकेतल्या ९ ते ११ वयोगटात लोकप्रिय असलेल्या टीव्ही मालिका कोणती मूल्यं ठसवतात, हे तपासणारा अभ्यास यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. १६ मूल्यांच्या यादीत १९९७ साली १५व्या स्थानावर असलेली प्रसिद्धी २००७ साली पहिली आली होती.

पुढे जगप्रसिद्ध गायक झालेला जस्टिन बीबर हा कॅनडातला मुलगा २००८च्या सुमारास यूट्यूबवरच्या व्हिडिओंमुळेच एका व्यवस्थापकाच्या नजरेत भरला. आपलंही असं होऊ शकतं, हे तेव्हापासून लाखो मुलांना खरं वाटू लागलं. २०१७ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड पोलिसांनी एका ४२ वर्षांच्या माणसावर मुलांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यांचे ९००हून अधिक आरोप ठेवले. तो मुलांशी बीबर असल्याची बतावणी करून बोलत होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

पुढचं वळण जास्त अस्वस्थ करणारं आहे, कारण तिथे शिकाऱ्याला मुलाशी बोलावंही लागलं नाही. ब्राझीलमधल्या एका १० वर्षांच्या मुलीने मैत्रिणीबरोबर पोहण्याच्या तलावात खेळतानाचा व्हिडिओ टाकला. हजारो लोकांनी पाहिला, म्हणून ती हरखून आईला सांगायला गेली. आकडा ४ लाखांवर गेल्यावर आईच्या पोटात गोळा आला. कमी कपड्यांतल्या लहान मुलांचे व्हिडिओ पाहणाऱ्यांपुढे यूट्यूबची शिफारस-यंत्रणा हा व्हिडिओ आपणहून ठेवत होती, हे २०१९ मध्ये समोर आलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत यूट्यूबने लहान मुलांच्या कोट्यवधी व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया बंद केल्या होत्या. व्हिडिओतले नेमके क्षण एकमेकांना दाखवण्यासाठी काही जण त्यांत मिनिट-सेकंद लिहून ठेवत असत.

मग मुलांचे व्हिडिओ सुचवणंच का थांबवू नये? तसं केलं तर त्या क्लिकवर अवलंबून असलेल्या क्रिएटर्सचं नुकसान होईल, असं कंपनीचं उत्तर होतं. जोखमीच्या वाटणाऱ्या व्हिडिओंपुरत्या शिफारशी कमी करायला ती तयार झाली. जोखीम कशात आहे, हे ठरवणं अर्थातच तिच्याच हाती राहिलं.