ससा पाणी पितो, आणि चांगलं भरपूर पितो

"सशाला पाणी पाजू नका, हगवण लागून मरेल," असं पिल्लू विकणारे आजही छातीठोकपणे सांगतात. हे साफ चूक आहे, आणि यापायी कितीतरी ससे हाल होऊन जातात.

ससा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते १५० मिली पाणी पितो. नुसता ओला पाला खाणारा कमी पितो, बहुधा त्यावरूनच ही समजूत पसरली असावी. हगवण लागते ती बिस्किटं, पोळी, भात आणि ढीगभर गाजरांनी. साखर-पिठाने आतड्यातले उपयोगी जिवाणू बिघडतात.

त्याचं खरं अन्न म्हणजे सुकं गवत. पाण्याविना तेच पोटात घट्ट होतं आणि आतड्याची हालचाल थंडावते. सशाला उलटीही करता येत नाही, म्हणजे अडकलेलं वरूनही बाहेर पडत नाही.

लेंड्या रोज बघा. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल. चिमटीत दाबली की गवताचा भुसा होतो. बारीक, टणक झाली तर सावध व्हा. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

पाणी जड वाडग्यात ठेवा, हलकं तो उलथवतो.