हिरवी खूण म्हणजे 'सगळं ठीक' नव्हे

जळगाव-भुसावळकडच्या नव्या प्रोग्रामर पोरांत एक समज पक्का बसलाय: क्लाउडवर पाइपलाइन (कोड आपोआप तपासून पुढे पाठवणारी साखळी) लावली की टेस्टिंगची कटकट संपली. तसं नाही. पाइपलाइनची सेवा गिटहब अ‍ॅक्शन्स घ्या की अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्स; कोडचं बिल्ड करायचं (चालवण्याजोगा बनवायचा), तुम्हीच लिहिलेल्या टेस्ट चालवायच्या, पास झाल्या तर डिप्लॉय, म्हणजे वापरणाऱ्यांसाठी चालू. टेस्टच नसेल तर 'पास'ची हिरवी खूण फुकटचीच!

समजा, केळीच्या बिलाचं अ‍ॅप आहे. सगळ्या टेस्ट इंग्रजी आकड्यांच्या. रावेरच्या व्यापाऱ्यानं भाव टाकला देवनागरीत, '१२००'. जावास्क्रिप्टच्या, मजकुराचा आकडा करणाऱ्या नंबर फंक्शनला तो वाचताच येत नाही; बिलात उमटतं 'एनएएन', म्हणजे हा आकडाच नव्हे. पाइपलाइन मात्र हिरवीगार. (केळीसारखीच, आतून काय ते कापल्यावर कळतं.) हीच चूक पकडणारी टेस्ट लिहून ठेवलीत, तर पुढच्या प्रत्येक पुशला (नवा कोड वर पाठवताना) ती न कंटाळता चालेल, रात्री दोनलाही.