लांब पल्ल्याची फेल शर्यत : तयारी आणि वेगाचे गणित

इंग्लंडच्या उत्तर भागातील उघड्या, गवताळ आणि खडकाळ डोंगरांना तिथले लोक फेल म्हणतात. या डोंगरांवरून धावण्याची शर्यत ती फेल शर्यत. यात ठरलेले असतात ते चेकपॉइंट, म्हणजे बहुतेक वेळा शिखरे आणि खिंडी. दोन चेकपॉइंटांमधली वाट मात्र ज्याची त्याने शोधायची असते. पायवाट धरा, मेंढ्यांची अंधुक वाट धरा, नाहीतर सरळ गवतातून अंगावरची चढण घ्या. या खेळाचे नियमन करणारी फेल रनर्स असोसिएशन १९७० साली स्थापन झाली. तिच्या वर्गवारीत ‘ए’ गटाच्या शर्यतीत दर किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढाई असावी लागते आणि २० किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतराची शर्यत लांब पल्ल्याची मानली जाते.

या प्रकाराचा कस पाहायचा तर लेक डिस्ट्रिक्ट या तिथल्याच सरोवरांच्या डोंगराळ प्रदेशातील, वॉसडेल दरीतली वॉसडेल शर्यत घ्यावी. ती जुलैत होते. अंतर सुमारे ३४ किलोमीटर आणि एकूण चढाई सुमारे २,७५० मीटर, म्हणजे किलोमीटरमागे ८० मीटर. ‘ए’ गटाच्या किमान अटीपेक्षा हे बरेच जास्त आहे. इंग्लंडमधील सर्वांत खोल सरोवर वॉस्ट वॉटर याच दरीत आहे. त्याच्या वरच्या टोकाशी ब्रॅकनक्लोज येथून शर्यत सुटते आणि आधी सरोवराच्या दक्षिणेकडील धारेवरून व्हिन रिगकडे जाते. तिथून दरीच्या तळाशी उतरून ग्रीनडेल, मग सीटॅलन, पिलर, ग्रेट गेबल, एस्क हाउझ आणि सरतेशेवटी इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक (९७८ मीटर). तिथून लिंगमेलच्या सोंडेने जवळपास ९०० मीटर खाली उतरून पुन्हा ब्रॅकनक्लोज.

सर्वांत उंच शिखर शेवटी आणि त्याच्यामागे सर्वांत मोठा उतार, ही मांडणी ध्यानात घेतली नाही तर तयारी चुकीच्या दिशेने जाते. नवखा धावपटू चढाईची धास्ती घेतो आणि चढाईचाच सराव करतो. पण चढावर तगडा आणि बेताचा धावपटू यांच्यात पडणारे अंतर मर्यादित असते, कारण तीव्र चढावर दोघेही चालतच असतात. चौथ्या तासानंतर दगडगोट्यांच्या उतारावर ज्याच्या मांड्या अजून हुकूम मानतात तो पळतो आणि ज्याच्या थकल्या आहेत तो एकेक पाऊल चाचपत उतरतो. मोठा फरक पडतो तो तिथे. म्हणून तयारी असो की वेगाचे नियोजन, दोन्ही शेवटच्या उतारापासून उलट मोजत आणावीत.

यामागे स्नायूंची रचना आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो. अशा कामात श्वास फारसा लागत नाही, त्यामुळे धोका जाणवतही नाही. परंतु तंतूंना बारीक इजा होते आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरणे कठीण होते. दिलासा असा, की असा उतार एकदा अंगावर घेतला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच माराला अधिक चांगले तोंड देतात. त्यामुळे सरावात दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी एक लांब, खरा उतार असावा, आणि तोही पाय आधीच दमलेले असताना घ्यावा. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी पुरा करावा. त्यानंतर पाय ताजे ठेवायचे. सपाट प्रदेशात राहणाऱ्यांनी एखादी छोटी टेकडी पुन्हा पुन्हा चढावी-उतरावी आणि सरावाच्या वहीत किलोमीटरबरोबर चढाईचे मीटरही लिहावेत. ३४ किलोमीटर हा आकडा या शर्यतीबद्दल फारच थोडे सांगतो.

चालणे हेही शिकायचे कौशल्य आहे. चढ ठरावीक मर्यादेपेक्षा तीव्र झाला की त्याच वेगाने धावण्यापेक्षा चालण्याला कमी ऊर्जा लागते. तळवे गुडघ्यांच्या वर मांड्यांवर टेकवून, कंबरेत किंचित वाकून, लहान पावलांनी न थांबता चालायचे. अव्वल धावपटूसुद्धा सीटॅलनच्या गवताळ भिंतीवर असेच चालताना दिसतात. तासभर असे चालण्याचा सराव नसेल तर पोटऱ्या आणि कंबर आधी बोलतात.

वाटेची पाहणी, म्हणजे रेकी, हा तयारीचा दुसरा खांब, आणि वॉसडेलसारख्या शर्यतीत तिचे मोल व्यायामाइतकेच आहे. पिलरवरून ब्लॅक सेल खिंडीत उतरल्यावर कर्क फेलच्या माथ्यावर जायचे की कुशीतून आडवे निघायचे, ग्रेट गेबलच्या कोणत्या अंगाने स्टाय हेड खिंडीत उतरायचे, हे नकाशावर कळते, पण पायाखाली घसारा आहे की पक्का कातळ हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. ग्रेट गेबलच्या दोन्ही बाजूंना कडे आहेत. धुक्यात स्काफेल पाइकच्या माथ्यावर दगडांचा नुसता पसारा दिसतो आणि दिशा जराशी चुकली तर माणूस एस्कडेलच्या दरीत उतरतो, म्हणजे डोंगराच्या पार पलीकडे. म्हणून माथा सोडण्यापूर्वी होकायंत्राचा रोख घ्यायची सवय आकाश निरभ्र असतानाच लावून घ्यावी. एका दिवसात सगळा मार्ग धावून पाहण्यापेक्षा दोन-तीन तुकड्यांत पाहावा आणि शेवटचा तुकडा सर्वांत जास्त वेळा.

सामानाबाबत तडजोड नाही. शिवणी सीलबंद असलेले, टोपीसह पाणीरोधक जॅकेट आणि पँट, लोकरी टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि संकटकाळी खायला अन्न, हे लांब शर्यतीत जवळ ठेवावेच लागते. उंचीच्या प्रत्येक हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, त्यात वारा आणि ओले कपडे. वेग मंदावला की शरीराची स्वतःची उष्णताही घटते, आणि दमलेला माणूस नेमका तेव्हाच उघड्या धारेवर असतो. २०१२ साली लेक डिस्ट्रिक्टमधील सेलबेक शर्यतीत एका धावपटूचा गारठ्याने मृत्यू झाला. त्यानंतर धावपटूंची मोजदाद आणि सामानाची तपासणी यांबाबतचे नियम अधिक काटेकोर झाले. शर्यत मध्येच सोडणाऱ्याने अंतिम रेषेवर येऊन तसे कळवायचेच असते. तो न कळवता घरी गेला, तर स्वयंसेवक बचावपथके त्याला रात्रभर डोंगरात शोधत राहतात.

आता वेग. सडकेवरच्या मॅरेथॉनमध्ये प्रत्येक किलोमीटरची वेळ सारखी ठेवता येते. फेलवर सारखा ठेवायचा तो श्रम. पहिल्या चढावर छोटे वाक्य बोलता येईल इतपतच दम लागू द्यावा. व्हिन रिगची चढण तुलनेने सौम्य आणि पाय ताजे, म्हणून तिथेच बहुतेकांचा तोल जातो. ग्रीनडेलला पोचेपर्यंत आपण मागे पडलो आहोत असे वाटत असेल तर वेग बहुधा बरोबर आहे.

अंदाज बांधायला एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला. मेट्रिक मापांत तो असा : पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. या हिशेबाने वॉसडेलचा मार्ग चालायला सुमारे साडेअकरा तास लागतील. सहा तासांत संपवायची इच्छा असेल तर प्रत्येक टप्प्याच्या नेस्मिथ वेळेला साधारण ०.५३ ने गुणावे. स्टाय हेड ते एस्क हाउझ हे सुमारे अडीच किलोमीटर आणि २७० मीटर चढाई. नेस्मिथप्रमाणे ५७ मिनिटे, म्हणजे आपल्याला ३०. नेस्मिथ उतार मोजत नाही, त्यामुळे खाली जाणाऱ्या टप्प्यांवर हे गणित कच्चे राहते. तिथे रेकीत घेतलेली स्वतःची वेळच धरावी आणि उत्तरार्धात वर थोडी सूट ठेवावी. चेकपॉइंटांच्या बंद होण्याच्या वेळा याच कागदावर शेजारी लिहाव्यात.

हे गणित कुठवर ताणता येते हे बिली ब्लँड यांनी दाखवले. शेजारच्या बॉरोडेल दरीतले हे गवंडी. १९८२ साली त्यांनी वॉसडेल ३ तास २५ मिनिटे २१ सेकंदांत पूर्ण केली आणि तो विक्रम पुढे अनेक दशके टिकला. त्याच वर्षी त्यांनी बॉब ग्रॅहम फेरीची ४२ शिखरे १३ तास ५३ मिनिटांत पार केली. २४ तासांच्या आत करायच्या या फेरीची सुरुवात १९३२ साली ग्रॅहम यांच्यापासून झाली. प्रत्येक शिखराची वेळ आधी कागदावर मांडून निघण्याची शिस्त अनेक फेल धावपटूंनी याच फेरीच्या तयारीत अंगी बाणवली.

खाणे हा वेगाचाच भाग. शरीरातला कर्बोदकांचा साठा जोरकस धावण्यात दोनेक तासांत आटत येतो, म्हणून पहिल्या अर्ध्या तासापासून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. खायची जागा चढावर, चालताना. उतारावर पोट हिंदकळते आणि नजर पायांखालून हलवता येत नाही. जुलैच्या उन्हात सीटॅलनच्या चढावर पाण्याची ओढ लागते. त्याआधी ओढा लागेल तिथे पिऊन घ्यावे, मात्र तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसणेही घातक, कारण त्याने रक्तातले सोडियम पातळ होते.

महाराष्ट्रात या प्रकाराला सर्वांत जवळची म्हणजे सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी सुमारे ५० किलोमीटरची एसआरटी अल्ट्रा. तिथेही तिन्ही गडांतला सर्वांत उंच तोरणा (१,४०३ मीटर) शेवटी येतो, त्यामुळे पाय राखून ठेवण्याचे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. हवामान मात्र उलटे. वॉसडेलला गारठ्याची भीती, तर पावसाळ्यानंतरच्या सह्याद्रीत दुपारच्या उघड्या धारेवर उन्हाची. सुकलेल्या गवताखालचा मुरूम आणि घसारा उतरताना पाय सटकवतो, आणि धारेवर ओढे आटलेले असल्याने पाणी पाठीवरच वाहावे लागते. इथे सराव करणाऱ्याने दुपारचे दोन-तीन तास मुद्दाम उन्हात चालावे आणि सिंहगडाचा उतार पहाटेच्या गारव्यात नव्हे, तर दिवसभराच्या चालीनंतर घ्यावा.