मामांचं कानाचं मशीन आणि मामींच्या पदरावरचा माईक

मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी होते. आकड्यांचा माणूस. म्हणून 'साठ' आणि 'आठ' यांत त्यांची गल्लत व्हायला लागली तेव्हा घरच्यांना वाटलं, विसरभोळेपणा सुरू झाला. तसं काही नव्हतं. 'साठ'मधला 'स' त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. 'स' गळाला की मागे 'आठ' उरतो, आणि मामा तोच ऐकत होते.

आपल्या आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते, कॉक्लिया म्हणतात तिला. उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात जन्मतः एकेका कानात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. तेवढ्याच आयुष्यभर पुरवायच्या, कारण माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नळीच्या तोंडाशी असतात त्या बारीक, उंच आवाज टिपतात आणि आतल्या टोकाच्या जाड, खालचे. वयानं होणारी झीज सहसा तोंडाकडून सुरू होते. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले, म्हणून ते टिकतात. 'स', 'श' यांची मुख्य ताकद ४००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास आणि त्यापुढे असते, म्हणून ते आधी जातात. "ऐकू येतंय, पण कळत नाही" असं म्हातारी माणसं म्हणतात, ते शब्दशः खरं असतं. त्यावर आपण ओरडून बोलतो तेव्हा स्वर मोठे होतात. 'स' काही फारसा मोठा होत नाही.

मामांचं जुनं मशीन सहा वर्षांचं झालं होतं. नवं घ्यायचं म्हणून मी त्यांना मिरजेला घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलानं ब्लूटूथ, मोबाईल ॲप, टीव्ही थेट कानात, सोळा चॅनेल, वीस चॅनेल असं सगळं भराभर सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुझी मामी सैपाकघरातनं काय बोलती, ते कळंल का यानं?" प्रश्न मला होता. मुलगा थांबला. मीही थांबलो. नवं मशीन निवडताना याहून नेमका प्रश्न मला आजवर सुचलेला नाही.

कानामागचं मशीन कितीही भारी असलं, तरी त्याचा माईक कानापाशीच असतो. बोलणारा असतो लांब. आवाजाची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. एक मीटरवरचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबल धरा. तेच चार मीटरवर ४८ होतं. मध्ये फोडणी, नळ, मिक्सर आणि भिंतींवरून परतणारा घुमारा. मशीन आवाज वाढवतं तेव्हा मामींचं बोलणंही वाढवतं आणि मिक्सरही वाढवतं. दोन्हींतला फरक तसाच राहतो. आणि झिजलेल्या कानाला गरज असते ती नेमकी या फरकाची. धडधाकट कान गोंगाटातून बोलणं वेचून काढतो. केसपेशी गेलेल्या कानाला तेच वेचायला बोलणं गोंगाटापेक्षा बरंच वर असावं लागतं.

मशीनवाल्यांनी यावर पुष्कळ डोकं चालवलंय. एकाच मशीनवर सुमारे एक सेंटिमीटर अंतरानं दोन माईक बसवतात. समोरचा आवाज पुढच्या माईकला आधी लागतो आणि मागच्याला नंतर. मधला वेळ किती, तर सेकंदाचे तेहतीस-चौतीस हजार भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा फरकावरून मशीन ओळखतं की आवाज पुढून येतोय की मागून, आणि मागचा दाबतं. लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्याशी बोलताना याचा खरंच उपयोग होतो. पण मामी तर पाठीमागच्या खोलीत!

म्हणून वायरलेसची माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सुटा माईक. सुपारीएवढा, फार तर आगपेटीएवढा. बोलणाऱ्यानं गळ्याशी अडकवायचा, आवाज रेडिओलहरींनी थेट मशीनमध्ये. तोंडापासून एक मीटरवरचा माईक वीस सेंटिमीटरवर आणला की बोलणं जवळपास १४ डेसिबलनं चढतं आणि मिक्सर मात्र होता तिथेच राहतो. कानात बसणाऱ्या कुठल्याही चिपला हे इतक्या सहज जमत नाही. दुकानात ही वस्तू सगळ्यात शेवटी, 'ॲक्सेसरी' म्हणून दाखवली गेली याचं मला वाईट वाटलं. गोंगाट किंवा अंतर हीच मुख्य अडचण असेल, तर मशीन एक पायरी खालचं घ्या, पण माईक घ्या, असं मी कुणालाही सांगेन.

मामी आधी तयार नव्हत्या. "आता ह्यांच्यासाठी गळ्यात घंटा बांधू का?" म्हणाल्या. मग पदराला लावून पाहिला. मामा म्हणाले, नुसती खरखर येतीये. सुती पदर माईकवर घासत होता. तिथून काढून मंगळसूत्राजवळ लावला, तर काळे मणी टिकटिकायला लागले. शेवटी ब्लाउजच्या खांद्याजवळ, जिथे काहीच घासत नाही अशा जागी तो बसला. तोंडापासून वीतभर. मामी ओट्याकडे तोंड करून, एरवीच्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, साठ रुपये सुटे आहेत का?" मामांनी बाहेरच्या खोलीत पाकीट काढलं.

आता फोनचं. मुलगी पुण्यात असते, तिचा फोन नीट ऐकू यावा ही मामांची दुसरी इच्छा. ब्लूटूथनं फोनचा आवाज दोन्ही कानांत थेट येतो, आणि एका कानापेक्षा दोन कानांनी ऐकलेलं निश्चितच जास्त कळतं. पण जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जातो. म्हणजे 'स' वाटेतच कापला गेलेला असतो, तो मशीन कुठून आणणार? फोनमधलं व्होल्टी (VoLTE, म्हणजे ४जी नेटवर्कवरून कॉल करायची सोय) चालू ठेवलं आणि पलीकडचा फोन-नेटवर्कही तसं असलं, तर पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो. व्हॉट्सॲप कॉलही बऱ्याचदा साध्या कॉलपेक्षा स्वच्छ ऐकू येतो. यात एक पैसा खर्च होत नाही, आणि तरी हे दुकानात कुणी सांगत नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून विचारा: बोलताना फोन हातात धरावा लागतो की मशीनचाच माईक आपला आवाज पकडतो? काही मशिनांत ऐकू कानात येतं, पण बोलायचं फोनच्या तोंडाशी. हात थरथरणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

'ब्लूटूथ आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ब्लूटूथचे प्रकार आहेत आणि ते एकमेकांशी जुळतातच असं नाही. आयफोनशी थेट जोडली जाणारी मशिनं २०१४ पासून बाजारात आहेत, ती ॲपलच्या स्वतःच्या पद्धतीनं बोलतात. अँड्रॉइडसाठी गूगलनं २०१८ मध्ये 'आशा' नावाची पद्धत जाहीर केली. काही मशिनं जुन्या, साध्या ब्लूटूथवर चालतात, म्हणून कुठल्याही फोनला जोडता येतात, पण त्यात वीज जास्त जाते. आणि २०२० मध्ये जाहीर झालेलं एलई ऑडिओ ही सगळ्यांसाठीची सामाईक पद्धत. तिचा नवा कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवायची रीत, जुन्यापेक्षा निम्म्या डेटात तेवढाच दर्जा देतो आणि आवाज पोचायला लागणारा उशीरही कमी असतो. टीव्ही पाहताना तो उशीर जाणवतो. हवेतून तीन मीटर यायला आवाजाला नऊ मिलिसेकंद लागतात. साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे सहज लागू शकतात. मग ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो, आणि टीव्हीचा स्पीकरही चालू असेल तर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. म्हणून स्वतःचा रोजचा फोन घेऊनच दुकानात जा. जोडून, कॉल लावून, उत्तर देऊन पाहा. मामांचा फोन चार वर्षांचा, अँड्रॉइड. दाखवलेल्या तीन मशिनांपैकी एक त्याला जोडलंच गेलं नाही.

एलई ऑडिओबरोबर ऑराकास्ट आलंय. एका ठिकाणाहून प्रक्षेपण, आणि हॉलमधल्या कितीही माणसांनी ते आपापल्या मशिनात घ्यायचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे 'सीता स्वयंवर' केलं, त्या गावात शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या प्रेक्षकाला नटाचा प्रत्येक शब्द असा कानात मिळावा, असं मला मनापासून वाटतं. पण ती सोय नाट्यगृहात बसेल तेव्हाच उपयोगी. तोवर नुसत्या त्या नावासाठी हजारो रुपये जास्त मोजू नयेत. टेलिकॉइल ही जुनी सोय मात्र मशिनात असेल तर चांगलंच. तांब्याच्या तारेचं बारीकसं वेटोळं, चुंबकीय लहरींतून आवाज उचलणारं. ना जोडणी, ना जाणवण्याजोगा उशीर.

दोन्ही कानांतली मशिनं आपसातही बोलतात, आणि तिथलं भौतिकशास्त्र फार सुंदर आहे. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. या लहरी पाणी शोषून घेतं, आणि आपलं डोकं म्हणजे बव्हंशी पाणी. म्हणून एका कानातून दुसऱ्या कानाकडे निघालेला संदेश वाटेतच विरायला लागतो. कित्येक कंपन्या यासाठी सुमारे १० मेगाहर्ट्झचं, जवळच्या जवळ पसरणारं चुंबकीय क्षेत्र वापरतात. ते डोक्यातून जवळपास विनाअडथळा जातं आणि हातभर अंतरावर संपतं. मायक्रोवेव्हसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, हे कळल्यावर मामींनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं. ओव्हन आठशे वॉटचा असतो. मशीनचा ब्लूटूथ फार तर काही मिलिवॉटचा, म्हणजे वॉटचे काही हजारावे भाग. त्यानं डोकं तापत नाही.

मामांचं तिसरं मागणं माझ्या डोक्यातच नव्हतं. ते दरवर्षी मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीतल्या संगीत सभेला जातात. गेली काही वर्षं त्यांची तक्रार होती की तंबोरे मुके झालेत. चाचणीसाठी मिळालेली मशिनं लावून आम्ही तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो. ओळखीच्या कारागिरानं तंबोरा मांडीवर घेतला आणि घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत गेला. एका जागी तार नुसती 'टण्ण' वाजत होती. केसभर पुढे सरकवला आणि जवारी उघडली, मधमाश्यांचा थवा उठावा तशी. ही जवारी म्हणजे मूळ स्वराच्या वर एकावर एक चढलेल्या उपस्वरांची गर्दी. मामांच्या कानांनी तीच हरवली होती. वाद्यं मुकी नव्हती.

पण मशीन लावून मामांना तंबोरा ऐकू आला तो थरथरत, बेसूर. मशीन शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक यंत्रणा असते. कानातून बाहेर गळलेला आवाज माईकनं पुन्हा उचलला की शिट्टी होते, आणि ती ओळखली जाते लांब, स्थिर स्वरावरून. तंबोऱ्याचा स्वरही लांब आणि स्थिरच. मशीन त्यालाच शिट्टी समजून पुसायला बघत होतं. गोंगाट दाबणाऱ्या यंत्रणेलाही अखंड चालणारा आवाज पंख्यासारखाच वाटतो. दुसऱ्या दिवशी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणाऱ्या बाईंनी संगीताचा वेगळा प्रोग्रॅम करून दिला. त्यात या दोन्ही यंत्रणा अगदी मंद केल्या. बटण दाबलं की तो लागतो. गाण्याचा नाद असेल तर हे आवर्जून मागून घ्या, आपणहून फारसं कुणी करून देत नाही. फोनमधून गाणी ऐकायची असतील तर कानातलं टोक कसं आहे तेही पाहा. भोकाची, मोकळी रबरी टोपी असेल तर खर्ज बाहेर गळून जातो.

त्या बाईंनी आणखी एक काम केलं, ज्याची बाकी कुठल्याही फीचरशी बरोबरी होणार नाही. कानात केसासारखी मऊ नळी सोडून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजलं. प्रत्येकाच्या कानाचा बोळ वेगळा. संगणकानं सुचवलेला आकडा आणि खरा आवाज यांत चांगलाच फरक पडू शकतो. मामांच्या उजव्या कानात 'स'चा पट्टा बराच कमी भरला, तो तिथल्या तिथे वाढवला. काही हजारांपासून जोडीला दोन-तीन लाखांपर्यंत किमती आहेत, पण न जुळवलेलं महाग मशीन नीट जुळवलेल्या साध्या मशीनपुढे टिकत नाही. कानाची तपासणी न करता, ऑनलाईन मागवून लावायच्या यंत्रांपासून तर लांबच राहा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट शोधा आणि घरी नेऊन वापरून पाहायची मुदत लेखी घ्या.

राहिला सेलचा प्रश्न. नव्या वायरलेस मशिनांत बहुतेक चार्जिंगच्याच बॅटऱ्या येतात. रात्री डबीत ठेवायच्या, दिवसभर चालतात. बारीक सेल बदलताना बोटं अडखळणाऱ्यांना हे सोयीचं. पण आमचं घर गावभागात, कृष्णेच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा दिवसच्या दिवस वीज नव्हती, आणि नेमकं त्याच वेळी कोण काय हाक मारतंय ते कळणं गरजेचं होतं. मामांच्या जुन्या मशीनचे तपकिरी चिकटपट्टीचे सेल तेव्हा कामी आले. पट्टी काढायची, सेलला मिनिटभर हवा लागू द्यायची, की आठवडाभर बघायला नको. म्हणून या वेळी आम्ही चार्जिंगचंच घेतलं, पण डबीलाच स्वतःची बॅटरी असलेलं. वीज नसतानाही ती मशिनं दोन-तीनदा भरून देते. जुनं मशीन मामांनी कोरड्या डबीत, सेलच्या दोन पाकिटांसह कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय.