गोदाम स्वयंचलन प्रकल्पाचे नियोजन

गोदामातील मालाची आवक, साठवण, मागणीनुसार वेचणी व जावक ही कामे यंत्रे आणि संगणकप्रणालीकडे सोपविण्यापूर्वी करावयाची मोजणी, आखणी व चाचणी. सातपूर, अंबड, सिन्नर व दिंडोरी येथील औद्योगिक वसाहती आणि द्राक्षनिर्यात यांमुळे नाशिक परिसरात हा विषय महत्त्वाचा ठरतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याराज्यांत छोटी गोदामे राखण्याचे करविषयक कारण बरेचसे उरले नाही व मोठ्या गोदामांकडे कल वाढला.

स्वयंचलनाच्या आरंभाविषयी एकमत नाही. चालकविरहित ओढगाडीचे श्रेय बहुधा अमेरिकेतील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीस दिले जाते. साल मात्र कोठे १९५३, तर कोठे १९५४ असे आढळते. पहिले साल बनावटीचे व दुसरे प्रत्यक्ष वापराचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उंच रॅकच्या गोदामाचा प्रारंभ सामान्यतः १९६२ च्या सुमारास जर्मनीतील ग्यूटर्सलो येथे झाल्याचे मानतात. फिरते रॅक उचलून आणणारे यंत्रमानव २००३ मध्ये स्थापन झालेल्या किवा सिस्टिम्समुळे रूढ झाले; ही कंपनी २०१२ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली.

नियोजनात जमिनीचा विचार यंत्राच्या खरेदीआधी व्हावयास हवा. नाशिकच्या सखल भागातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरुमाचा भराव नीट दाबला नसेल, तर वरची काँक्रीटची लादी असमान खचते. अरुंद गल्लीत चालणाऱ्या उंच यंत्राला हा दोष सोसत नाही. त्याच्या डाव्या-उजव्या चाकांत १.२ मी. अंतर असून लादीच्या पातळीत ३ मिमी. फरक असेल, तर १२ मी. उंचीवर मास्ट (यंत्राचा उभा खांब) सुमारे ३० मिमी. कलतो, आणि माल उचलणारे काटे पॅलेटच्या (मालाखालच्या फळीच्या चौकटीच्या) फटीत शिरण्याऐवजी रॅकच्या आडव्या तुळईवर आदळतात.

यंत्र आधी निवडावे की मालाच्या नोंदी आधी सुधाराव्यात, याविषयी व्यावसायिकांत दोन मते आहेत. दुसरे मत अधिक ग्राह्य होय. खोक्याची लांबी, रुंदी व वजन चुकीचे नोंदलेले असेल, तर यंत्र तीच चूक अधिक वेगाने करते. नोंदी किमान वर्षभराच्या घ्याव्यात: द्राक्षांचा निर्यातहंगाम साधारणतः जानेवारी ते एप्रिल असल्याने वार्षिक सरासरीवर आखलेली यंत्रणा नेमकी हंगामात तुंबते. द्राक्षांच्या शीतगृहात तापमान ०° से. च्या आसपास असते. तेथे बॅटरीची क्षमता घटते. खोकी बाहेरच्या उष्ण हवेत येताच त्यांवर दव धरते, बारकोडची चिठ्ठी सुटते व वाचकयंत्र अडते. चिठ्ठीचा कागद व गोंद यांची चाचणी म्हणूनच प्रत्यक्ष शीतगृहात घ्यावी. चाळीतील सुट्या कांद्याला अशी यंत्रणा लागू पडत नाही. त्याला खेळती हवा पुरते.

हमालांचा प्रश्न आराखड्यात शेवटी ढकलला जातो, हे योग्य नाही. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याखाली नोंदणीकृत कामगारांचे नियमन मंडळामार्फत होते. कोणते काम यंत्राकडे जाणार व कोणते हातांकडे राहणार, ही बोलणी मंडळ व संघटनेशी आराखड्याच्या वेळीच करावीत.

कारखान्यातील चाचणीनंतर जागेवर पुन्हा चाचणी घेतात. काही आठवडे जुनी व नवी पद्धत समांतर चालवून दररोज साठा ताडून पाहतात. द्राक्षांच्या गोदामासाठी हा काळ हंगामाबाहेरचा, पावसाळ्यातला निवडावा.